बिनकानाचा कप

आमच्या टीममधला एक जण मध्यंतरी सेऊलला ऑनसाइट जाऊन आला. अशा वेळी जाणाऱ्याने 'काय आणू रे?' विचारायचं आणि आपण 'काही नको' म्हणायचं, अशी पद्धत आहे. मी निर्लज्जपणे 'चहा आण' म्हणालो. पठ्ठ्याने खरंच आणला. ४० ग्रॅमचा एक डबा, त्यावर गोल-गोल काड्या-काड्यांची कोरियन अक्षरं, आणि सोबत कागदात गुंडाळलेले तीन छोटे कप. मुठीत मावतील एवढे, राखाडी-हिरवे. आणि कान नसलेले.

पुण्यातल्या फ्लॅटवर एकट्याने चहा उघडण्यात काय मजा? म्हणून शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडली आणि डबा घेऊन सोलापूर गाठलं. विचार असा होता की शनिवारी सकाळी आई-बाबा-आज्जी सगळ्यांना बसवून अगदी रीतसर चहा करू. नेटवर वाचून ठेवलं होतं, व्हिडिओ बघून ठेवले होते.

पण मी उठलो नऊला. तोपर्यंत आईने डबा उघडून, त्यातले दोन चमचे उकळत्या दुधात साखरेबरोबर टाकून मोकळी झाली होती. "वास बरा आहे रे, पण कडू झालाय," म्हणाली. बाबांनी अर्धा कप संपवून उरलेला गुपचूप बेसिनमध्ये ओतला होता. चूक तिची नाही. सोलापुरात चहा म्हणजे उकळणार, रंग येणार, चमचा उभा राहील एवढी साखर पडणार. टपरीवर "एक हाफ दे बे, कडक" म्हटलं की जे समोर येतं ते.

मग मी दुसरा प्रयोग केला. पाणी उकळलं, दहाएक मिनिटं निवू दिलं (सत्तर अंशांच्या आसपास हवं म्हणतात, उकळतं पाणी या चहाला मारून टाकतं), पानं टाकली, दीड मिनिट थांबलो, गाळलं. चव? काहीच नाही. गरम पाण्यात कुणीतरी गवत धुतलंय असं. अर्धा तास डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. पाणी! आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की गिझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते. ते क्षार नाजूक चहाची चव दाबून टाकतात. आपल्या दूध-साखरेच्या चहाला याने काही फरक पडत नाही, त्यामुळे कधी लक्षातच येत नाही. मग कोपऱ्यावरून जारचं पाणी आणलं आणि तिसऱ्यांदा केला.

आणि मग मात्र मजा आली.

रंग अगदी फिका, पिवळसर हिरवा. पहिल्या घोटाला वाटलं, ही चव मला माहीत आहे. पण कुठली ते आठवेना. दुसऱ्या घोटाला आठवलं. हुरडा! डिसेंबर-जानेवारीत मंगळवेढ्याकडे शेतात आगटी पेटवून ज्वारीची कोवळी कणसं भाजतात ना, ती चोळताना हाताला येतो तो वास. हिरवा आणि भाजका, दोन्ही एकदम. नंतर वाचलं तर कारणही सापडलं. जपानी लोक साधारणपणे चहाचं पान तोडलं की वाफवतात. कोरियातला पारंपरिक चहा मात्र मोठ्या लोखंडी कढईत हाताने परततात, मग चटईवर चोळतात, परत परततात, असं अनेकदा. हिरव्या पानाला विस्तवाची धग लागली की हुरड्याचा वास येणारच. आमचा डबा 'सेजाक'चा होता. एप्रिलच्या वीस तारखेच्या सुमारास पावसाचा एक मुहूर्त असतो, त्याच्या आधी खुडलेल्या अगदी कोवळ्या पानांना 'ऊजॉन' म्हणतात, तो सगळ्यात महाग. त्याच्या नंतरचा तोडा म्हणजे सेजाक. त्याच पानांवर मी तीनदा पाणी घातलं. दुसरा कप पहिल्यापेक्षा चांगला होता, तिसरा किंचित गोडसर आणि थकलेला.

तर मी हा दुसरा कप मोठ्या कौतुकाने आज्जीला नेऊन दिला. आज्जी आता अठ्ठ्याऐंशीची आहे. कान कमी ऐकतात, डोळे पक्के. तिने कपाकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि म्हणाली, "बिनकानाच्या कपात मला चहा देतोस होय रे?"

मला वाटलं भाजेल म्हणून म्हणतेय. "निवलाय गं," म्हणालो. ती काही बोलली नाही. बाबांनी कप माझ्या हातून घेतला आणि चहा तिच्या रोजच्या कपात ओतून दिला. तिने घोट घेऊन "काढा आहे" असा निकाल दिला. विषय संपला. म्हणजे, मला तसं वाटलं. ते नंतर सांगतो.

दुपारभर मी या चहाच्या मागे लागलो. (सोलापूरचा उन्हाळा, बाहेर बेचाळीस डिग्री, दुसरं करणार काय?) कोरियात चहा कसा पोचला याची लेखी नोंद आहे. 'सामगुक सागी' नावाचा त्यांचा इतिहासग्रंथ ११४५ मध्ये पुरा झाला. त्यात लिहिलंय की सन ८२८ मध्ये किम दे-र्योम नावाचा दूत चीनच्या तांग दरबारातून चहाचं बी घेऊन आला आणि राजाने ते जिरी पर्वतावर लावायला सांगितलं. त्याच डोंगराच्या पायथ्याशी हादोंग नावाचा भाग आहे, तिथे आजही ओढ्याकाठच्या खडकांमध्ये अर्धवट रानटी वाढलेली चहाची झुडपं आहेत.

आणि एक दंतकथा आहे जी आपल्याला ऐकायला फार गोड लागते. इसवी सन ४८ मध्ये 'आयुता' नावाच्या देशाची राजकन्या समुद्रातून आली आणि तिने गाया राज्याच्या राजा सुरोशी लग्न केलं, असं 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. तिचं नाव हो ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्या असं पुष्कळ जण मानतात, २००१ मध्ये अयोध्येत तिचं स्मारकही झालं. आणि येताना तिने भारतातून चहाचं बी आणलं अशी एक गोष्ट नंतर तिला चिकटली. माझं मत विचाराल तर चहाचा भाग अगदीच पुढचा वाटतो. पहिल्या शतकात अयोध्येत चहा कोण पीत होतं? तेव्हाचं सोडा, दीडशे वर्षांपूर्वी तरी कोण पीत होतं? असो.

खरी गोष्ट पुढे आहे. गोर्यो राजवटीत (९१८ ते १३९२) बौद्ध मठांमुळे चहा भरभराटीला आला. त्यांची ती प्रसिद्ध हिरवट भांडी त्याच काळातली. मग १३९२ मध्ये चोसन राजवट आली, कन्फ्यूशियसवाली. बौद्ध मठांच्या जमिनी काढून घेतल्या, भिक्षूंना डोंगरात पिटाळलं, आणि त्यांच्याबरोबर चहाही डोंगरात गेला. दरबाराला चहाचा कर मात्र हवाच होता. पंधराव्या शतकात किम जोंग-जिक नावाचा विद्वान हामयांगला अधिकारी म्हणून गेला तेव्हा त्याला दिसलं की त्या भागात चहा पिकतच नाही, तरी दरवर्षी चहाचा वसूल लागतो. लोक शेजारच्या प्रांतात तांदूळ देऊन चहा विकत आणतात आणि सरकारला भरतात! आपल्याकडच्या साऱ्याच्या गोष्टी आठवतात की नाही? या माणसाने जुन्या इतिहासात वाचलं की जिरी पर्वतावर कधीकाळी चहा लावला होता, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारत झाडं शोधून काढली आणि लोकांचा भार हलका व्हावा म्हणून सरकारी मळा लावला. इतिहास वाचून कुणाचा कर कमी झाल्याचं मला तरी हे एकच उदाहरण माहीत आहे.

चहा हळूहळू बहुतेकांच्या आयुष्यातून गेला तरी शब्द राहिले. कोरियात नवीन वर्षाला आणि शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला सकाळी पूर्वजांना नैवेद्य दाखवतात. त्या विधीचं नाव 'चारये'. अर्थ सरळ आहे, चहाचा विधी. आज त्यात बहुतेक घरी ठेवतात तांदळाची दारू. रोजच्या साध्या, विशेष काही नसलेल्या गोष्टीला ते 'दाबान्सा' म्हणतात, म्हणजे चहा-भाताची गोष्ट. आणि 'दाबांग' म्हणजे चहाचं घर, तिथे विसाव्या शतकात मिळायची मुख्यतः कॉफी. सवय गेली, नाव मागे राहिलं.

मला सगळ्यात आवडली ती एकोणिसाव्या शतकातली दोस्ती. चो-उई (१७८६-१८६६) हा बौद्ध भिक्षू, दक्षिणेत एका झोपडीत राहून चहा करायचा. १८३७ मध्ये त्याने कोरियाच्या चहाच्या स्तुतीचं एक काव्य लिहिलं. त्याचा समवयस्क मित्र किम जोंग-हुई, टोपणनाव चुसा, हा देशातला सर्वात मोठा सुलेखनकार. १८४० मध्ये राजकारणात अडकून त्याला जेजू बेटावर हद्दपार केलं. आठ-एक वर्षं तो तिथे होता. चुसाची चो-उईला लिहिलेली चहा मागणारी पत्रं टिकून आहेत. एकाचा आशय असा, की तुला भेटायची मला इच्छा नाही, तुझं पत्रही नको, पण चहाचं नातं काही तोडता येत नाही, तेव्हा मागची-आताची थकबाकी धरून एकदम पाठव! आता बघा, भिक्षू म्हणजे त्या समाजात अगदी खालच्या पायरीवरचा माणूस, त्याला राजधानीत शिरायचीसुद्धा बंदी. आणि चुसा खानदानी सरदार घराण्यातला. तरी हा त्याच्याकडे चहा मागतोय, लाडाने भांडतोय.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर बाबा आणि मी गच्चीवर बसलो होतो. मी हे चुसाचं सगळं रंगवून सांगत होतो. मधेच बाबा म्हणाले, "आज्जी सकाळी का चिडली कळलं का तुला?"

आमच्या जुन्या घरात, म्हणजे बाबांच्या लहानपणी, मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात एक कप असायचा. कान तुटलेला. बशी नव्हती. आजोबा इथल्याच एका गिरणीत कारकून होते. तिथल्या सूतकताई खात्यातला एक माणूस महिन्यातून दोनदा-तीनदा घरी यायचा, कधी अर्ज लिहून घ्यायला, कधी नुसता गप्पा मारायला. आजोबांशी त्याची चांगली मैत्री होती म्हणे. तो मागच्या दाराने यायचा, ओट्यावर बसायचा. आज्जी त्या कपात वरून चहा ओतायची. पिऊन झालं की तो स्वतः कप विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. एकदा खेळता खेळता त्यांनी त्या कपात पाणी प्यायलं तर आज्जीने त्यांना अंघोळ घातली होती.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चौतीस वर्षांचा आहे मी.

रात्री झोप येईना म्हणून परत वाचत बसलो, आता आपल्या चहाचं. शाळेत आपण जे वाचलेलं असतं पण कधी जोडून बघितलेलं नसतं, ते.

पहिली गोष्ट म्हणजे आपला चहा किती नवा आहे! शब्द बघा, चहा, चाय, कोरियन 'चा', सगळे त्या एकाच चिनी 'चा'चे. पण आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ मध्ये, आणि तो भारतीयांनी प्यावा यासाठी पिकवलेलाच नव्हता. १९०३ मध्ये सरकारने चहाच्या निर्यातीवर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे गावोगाव फुकट कप वाटणं, रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या देशी भाषांतल्या इनॅमलच्या पाट्या, कारखान्यांत चहाचे स्टॉल. आणि टपरीवरचा तो कडक रंग येतो बारीक गोळीच्या सीटीसी चहामुळे. ते यंत्र आसामात १९३० च्या सुमारास तयार झालं आणि त्याची पावडर घराघरात पोचली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणजे मी ज्याला 'आपला पारंपरिक चहा' म्हणतो तो माझ्या आज्जीच्याच वयाचा आहे.

पण एवढ्या थोड्या काळात महाराष्ट्रात चहावरून जे झालं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. १८९० चा ऑक्टोबर. पुण्यात पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले. व्याख्यान झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायले, कुणी घेऊन नुसतं बाजूला ठेवलं. हा घाट घालण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशींचा, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. आणि त्याच गोपाळरावांनी मग हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली! झालं. पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत याबद्दल लिहिलंय. एका कप चहासाठी दोन वर्षं!

हे प्रकरण आपण 'काय ते जुने लोक' म्हणून हसत वाचतो. मीही वाचलं होतं. यावेळी हसू आलं नाही. पंच हौदमध्ये प्रश्न 'आम्ही कुणाच्या हातचं प्यायचं' एवढाच होता. कोनाड्यातल्या कपाचा प्रश्न तिथे कुणी काढला नव्हता.

तो काढला कोल्हापुरात. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारलं. महाराजांनी त्यांना पैसे देऊन हॉटेल काढून दिलं. चांगलं स्वच्छ हॉटेल, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी हॉटेलासमोर थांबवून गंगारामांच्या हातचा चहा मागवायचे, प्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही पाजायचे. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? महाराज १९२२ मध्ये गेले, म्हणजे ही गोष्ट त्याच्या थोडी आधीची. पंच हौदला जेमतेम तीस वर्षं झाली होती.

आणि गिरण्या. सोलापुरात गिरण्यांचा भोंगा १८७७ पासून वाजू लागला, आपल्याला वाटतं यंत्र आलं की जुनं सगळं आपोआप गळून पडतं. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त होता, आणि तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर मागावर धोट्यातली कांडी बदलली की धागा त्या छोट्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला सगळ्यांचे ओठ! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. तो माणूस सूतकताई खात्यात का होता, याचा मी आजवर विचार केला नव्हता. आमच्या आजोबांच्या मित्राची गोष्ट साठच्या दशकातली. तो कधी विणाई खात्यासाठी अर्ज घेऊन आला असेल का? आजोबांनी त्याचे अर्ज लिहिले होते, कशाचे ते आता सांगायला कुणी नाही.

रविवारी सकाळी लवकर उठलो. जारचं पाणी ठेवलं, निवू दिलं, तीन कप मांडले. बाबांनी एक घेतला, आईने एक. तिसरा मी आज्जीसमोर ठेवला नाही, स्वतःच घेऊन तिच्याजवळ बसलो. आणि सरळ विचारलं. कानाजवळ जाऊन, मोठ्याने. त्या मागच्या दाराच्या कपाबद्दल.

मला वाटलं रागावेल, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवेल. ती बराच वेळ माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "निळी फुलं होती त्याच्यावर. सहाचा सेट होता, माझ्या लग्नातला. एकाचा कान मोडला, मग तो तिकडं ठेवला."

"आणि ते गृहस्थ?"

"नाव नाही रे आठवत."

बाबांनी नाव सांगितलं. आज्जीने मान हलवली. "हां. तोच. त्याला साखर जास्त लागायची."